अजून

लियेपायाच्या बंदरात आधी वारा पोचतो,
मग सकाळ.
मी रीगाहून आलेला कंत्राटी माणूस.
तिसऱ्या मजल्यावर, कोमट हीटरला गुडघा टेकवून
एक साधन बसवतोय
जे आतलं काहीच वाचत नाही.
कुठल्या जहाजात किती लाकूड, किती गहू,
कोण कुणाचं किती देणं लागतं,
त्याला देणंघेणं नाही.
ते फक्त पेट्यांवरच्या चिठ्ठ्या वाचतं:
तक्त्याचं नाव, रकान्याचं नाव,
रुंदी, प्रकार,
कोण कुणाच्या आधाराने उभा आहे.

साऱ्या परवानग्या गुंदेगाच्या हातात.
तिने दारातूनच विचारलं,
"लिहिणार तर नाही ना काही?"
नाही म्हटलं. नुसतं बघणार.
मग तिने खातं उघडून दिलं,
पाहुण्याला ओसरीवर बसवावं तसं.
माजघरात डोकवायचं नाही.

पहिल्या दिवशी ड्रायव्हर नवा निघाला, सर्व्हर जुना.
दुसऱ्या दिवशी जावा जुनी, बाकी सगळं नवं.
तिसऱ्या दिवशी फायरवॉल.
एका पोर्टसाठी तीन सह्या.
बंदरात बसून पोर्ट मिळेना,
असं म्हणून मीच हसलो, एकटा.

कॉन्फिग फाईलमध्ये सांगत गेलो:
हा स्कीमा घे, तो सोड.
यंत्रणेचे स्वतःचे तक्ते वगळ.
रात्री अडीचला चाल, क्रेन थांबलेल्या असतात तेव्हा,
आणि एका वेळी चारच धागे.
म्हातारा डेटाबेस आहे,
धाप लागू देऊ नकोस.

चौथ्या रात्री चाललं.
चार हजार एकशे बारा तक्ते.
"तात्पुरता दोन" नावाच्या तक्त्यात
एकोणीस कोटी ओळी.
"अंतिम" नावाचा रिकामा.
नाव सोनूबाई, आणि हाती
कथलाचासुद्धा नाही.

शेऱ्यांच्या जागी मात्र नुसती प्रश्नचिन्हं.
आमची अक्षरं, कुणाच्या डोक्यावर आडवी रेघ,
कुणाला खाली शेपूट,
त्याला ओळखूच आली नव्हती.
एन्कोडिंगची एक ओळ बदलली.
परत चालवलं.

आणि विस्वाल्दिस बोलायला लागला.

मी त्याला पाहिलेलं नाही.
जिन्याशेजारच्या एका खुंटीवर त्याचं नाव आहे अजून,
तिच्यावर कुणी कोट अडकवत नाही.
अठ्ठ्याण्णव साली, कुठल्याच पडद्यावर दिसणार नाहीत
अशा जागी त्याने लिहून ठेवलं होतं:
हा रकाना काढू नका, रेल्वेवाले विचारतात.
वजन टनात. शहाण्णवच्या आधीचं कशात, ते देव जाणे.
इथे मी चुकलो. आता सगळं यावरच उभं आहे.
आणि पोचण्याच्या वेळेपाशी:
शून्य दिसलं तर "आलं नाही" असं वाचू नका.
"अजून आलं नाही" असं वाचा.

गुंदेगाला बोलावलं.
ती उभ्यानेच वाचत राहिली,
हातातल्या कॉफीवर साय धरेपर्यंत.
इतकी वर्षं आमचे अहवाल
शून्यांना रद्द धरतात, ती म्हणाली.
मग तिच्या टेबलावर जाऊन तिने एक प्रश्न टाकला.
अकरा ओळी आल्या.
कुठली जहाजं, ते मला दिसलं नाही.
मला फक्त नावांपुरतीच परवानगी,
तीही रकान्यांच्या.
तिने खिडकी मिटली,
बाहेर, धक्क्याकडे, थोडा वेळ बघितलं.

"यातून काही लिहिता येतं का?"
नाही म्हटलं. हे नुसतं बघतं.
"बरं," म्हणाली,
आणि दिवा बंद करायचं माझ्यावर सोडून
आपल्या टेबलाशी बसून राहिली.

दुसऱ्या रात्री अडीचला ते पुन्हा चाललं.
सकाळी मी नोंद उघडली.
नवे तक्ते: नाही. गळलेले: नाही.
बदललेला मेटाडेटा: एक.
विस्वाल्दिसच्या शेऱ्याखाली
एक ओळ वाढली होती.
वाचलं. गुं.